मायक्रोप्लास्टिक मोजायचंय? शिंपल्याला विचारा, पण जपून

मायक्रोप्लास्टिक सापडल्याच्या बातम्यांना आता तोटा राहिलेला नाही. माणसाच्या वारेत प्लास्टिकचे कण असल्याचं इटलीतल्या संशोधकांनी सांगितलं, पाठोपाठ 2022 मध्ये नेदरलँड्समधून रक्ताची बातमी आली. त्याआधी, 2020 मध्ये, मारियाना गर्तेत सहा हजार मीटरहून खोल राहणाऱ्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या एका नव्या प्राण्याचं बारसं झालं. त्याच्या पोटात प्लास्टिकचा तंतू निघाला म्हणून नाव ठेवलं ‘युरिथेनिस प्लास्टिकस’.

अशी बातमी वाचून माणूस हबकतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो: इतक्या बारीक गोष्टी इतक्या अफाट जगात मोजतात तरी कशा? प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करायचा, असं मार्च 2022 मध्ये नैरोबीत ठरलं. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हातली बोलणी करार न होताच संपली. समजा उद्या करार झाला, तरी त्यामुळे प्लास्टिक खरोखर कमी झालं की नाही, हे कशावरून ठरवायचं? ते ठरवायला वर्षानुवर्षं, ठिकठिकाणी, एकाच रीतीने घेतलेली मोजमापं लागतात. त्यासाठी शास्त्रज्ञ शिंपले, समुद्रपक्षी, शेवाळ (मॉस), मधमाश्या आणि चक्क कोळिष्टकं यांची मदत घेतात. ही पद्धत चालते कशी आणि फसते कुठे, ते या लेखात पाहू.

मायक्रोप्लास्टिक कशाला म्हणायचं

5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या एका छोट्या शोधनिबंधानंतर हा शब्द सगळीकडे रुळला. खालची मर्यादा बहुतेक जण 1 मायक्रोमीटर धरतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून बारीक ते नॅनोप्लास्टिक.

म्हणजे या एकाच नावाखाली सर्वांत मोठा कण सर्वांत लहान कणाच्या 5,000 पट लांब असू शकतो. त्यात टायर झिजून उडालेली धूळ आली, कपडे धुताना सुटणारे पॉलिएस्टरचे तंतू आले, रंगाचे पोपडे आले, उन्हाने ठिसूळ होऊन फुटलेल्या पिशव्या-बाटल्यांचे तुकडे आले, आणि ज्या वितळवून वस्तू बनवतात त्या कच्च्या प्लास्टिकच्या गोळ्याही आल्या. कोणी तरंगतं, कोणी बुडतं, कोणी वाऱ्यावर जातं. या सगळ्यांचा मिळून एकच आकडा कोणी सांगितला, तर आधी थोडा संशय घ्यावा.

सरळ पाणीच का गाळत नाहीत?

गाळतात की. जहाजामागे पाण्याच्या पृष्ठभागावरून जाळं ओढतात आणि त्यात अडकलेलं मोजतात. नेहमीच्या जाळ्याचं छिद्र साधारण 0.3 मिलिमीटरचं असतं. त्याहून लहान कण निसटतात, आणि लांबलचक पण केसाहून बारीक तंतू तर उभे होऊन आरपार जातात. छिद्रं लहान करावीत, तर जाळं शैवालानं आणि तरंगत्या जिवांनी लगेच तुंबतं.

दुसरी अडचण मोठी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. समुद्राचं तसं नाही. जोराचा वारा सुटला की तरंगणारे तुकडे घुसळले जाऊन खाली जातात आणि पृष्ठभागावरच्या जाळ्यात कमी येतात. म्हणजे त्याच जागी काल आणि आज दोन वेगळे आकडे मिळतात, प्लास्टिक तेवढंच असून. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तर बाटल्यांचं पीईटी आणि नळांचं पीव्हीसी जड असतं, ते तळाशी जातं. ते वरच्या जाळ्याला कधी दिसतच नाही. शिवाय जहाज रोज थोडंच फिरणार? जाळ्यातून कळतं ते त्या तासाभरात, त्या पट्ट्यात काय होतं एवढंच.

मग असा विचार पुढे आला, की जो जीव तिथे रात्रंदिवस राहतो आणि पाणी, हवा किंवा चिखल स्वतःच्या अंगातून काढतो, त्यालाच तपासलं तर?

जीव नमुना गोळा करतो

ज्या जिवावरून परिसराची अवस्था ओळखता येते त्याला जैवनिर्देशक म्हणतात. कोणताही जीव मात्र चालत नाही. तो पुष्कळ ठिकाणी आणि पुष्कळ संख्येने सापडायला हवा, नाहीतर तुलना कशाची करणार? फार भटकणारा नको, कारण मग पोटातलं प्लास्टिक कुठलं हे सांगता येत नाही. त्याचं खाणंपिणं, वय, वाढ याची नीट माहिती हवी. आणि प्लास्टिक पोटात गेल्यावर तो लगेच मरणारा नसावा.

शेवटची अट उलटी वाटेल. पण इथे धोक्याची घंटा नको आहे, नमुना साठवणारा हवा आहे.

कुठलं प्लास्टिक शोधायचंय यावर जीव ठरतो. तरंगणाऱ्या तुकड्यांसाठी पाण्याच्या पृष्ठभागावरून खाणारा पक्षी, मधल्या पाण्यासाठी गाळून खाणारा शिंपला, तळाच्या वाळूसाठी वाळूच गिळून त्यातलं अन्न घेणारा समुद्रकिडा, जमिनीसाठी गांडूळ. यातल्या शिंपल्यावर सर्वांत जास्त काम झालंय, म्हणून तिथेच जरा थांबू.

शिंपला काय करतो

थंड समुद्रांच्या खडकांवर गर्दीने चिकटून बसणारा निळा शिंपला तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळतो. झडपा किंचित उघडून तो पाणी आत घेतो. कल्ल्यांवरची सूक्ष्म केसांची झालर ते पुढे ढकलते आणि पाण्यातले कण एका चिकट द्रवात अडकतात. तिथून ते तोंडाशी असलेल्या पापुद्र्यांकडे जातात, आणि तिथे निवड होते. खाण्याजोगं वाटलं ते आत, बाकीचं चिकट गोळ्याच्या रूपात बाहेर. हे बाहेर टाकलेलं पोटातून गेलेलंच नसतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती महत्त्वाची ठरते.

शिंपल्यांवर पहारेकऱ्याचं काम सोपवायची कल्पना प्लास्टिकच्या चर्चेपेक्षा जुनी आहे. समुद्ररसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये ‘मसल वॉच’ची, म्हणजे शिंपल्यांकरवी देखरेखीची, कल्पना मांडली. अमेरिकेतली समुद्र आणि हवामानाचं काम पाहणारी ‘नोआ’ ही सरकारी संस्था 1986 पासून किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले आणि कालवं गोळा करून त्यांत जड धातू, कीटकनाशकं आणि तेलाचे अंश मोजत आली आहे. ही रसायनं शिंपल्याच्या मांसात आणि चरबीत साठत जातात, त्यामुळे तिथे ही पद्धत उत्तम चालली. मायक्रोप्लास्टिकचा प्रश्न आला तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाताशी शिंपला होताच.

2008 मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी शिंपल्यांना 3 आणि 9.6 मायक्रोमीटरचे प्लास्टिकचे मणी असलेल्या पाण्यात ठेवलं. मणी पोटात गेले, तिथून रक्ताभिसरणात शिरले, आणि 48 दिवसांनंतरही तिथे सापडले. पोटात गेलं ते सगळंच विष्ठेवाटे निघून जातं, हा समज तेव्हा मोडला.

प्रयोगशाळेत एका शिंपल्याचं काय होतं

शिंपला उघडून मांस काढतात, वजन करतात आणि काचेच्या भांड्यात 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात बुडवून एक-दोन दिवस उबेत ठेवतात. मांस विरघळतं, बहुतेक प्लास्टिक तसंच राहतं. पूर्वी कोणी तीव्र नायट्रिक आम्लही वापरत, पण त्यात नायलॉनसुद्धा विरघळतं. म्हणजे जे शोधायचं तेच गायब. उरलेला द्राव बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून ओढून घेतात आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

तिथे दिसतात निळे, काळे, लाल तंतू आणि काही अनियमित कण. पूर्वी इथेच मोजणी करून अहवाल लिहीत. आता ते चालत नाही, आणि न चालण्याला भक्कम कारण आहे. 2020 मध्ये जगभरच्या समुद्रपृष्ठावरून गोळा केलेल्या तंतूंची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांतले फक्त 8.2 टक्के कृत्रिम निघाले. बाकीचे कापूस, लोकर आणि तसलेच नैसर्गिक पदार्थांपासूनचे धागे होते. डोळ्याला मात्र निळा सुती धागा आणि निळा पॉलिएस्टरचा धागा सारखाच दिसतो.

म्हणून कणावर अवरक्त किंवा लेझर प्रकाश टाकून तो कसा शोषला किंवा विखुरला जातो ते पाहतात. प्रत्येक पदार्थाची खूण वेगळी असते, तीवरून पॉलिथीन की पीईटी की नुसता कापूस हे ठरतं. अवरक्त पद्धत साधारण 10-20 मायक्रोमीटर इतके बारीक कण ओळखते, लेझरची रामन पद्धत 1 मायक्रोमीटरच्या आसपास पोचते. काम किचकट आणि वेळखाऊ आहे.

सगळ्यात मोठा वैरी तर खोलीतच असतो. तपासणाऱ्याच्या कपड्यांतून, हवेतून, प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचातून तंतू आणि कण नमुन्यात पडतात. एकदा वापरून फेकायच्या हातमोज्यांवर स्टिअरेट नावाचे क्षार असतात, आणि अवरक्त प्रकाशात ते पॉलिथीनसारखेच दिसतात! म्हणून जाणती मंडळी सुती कोट घालतात, काचेची आणि धातूची भांडी वापरतात, आणि प्रत्येक खेपेला शिंपला न घालता तीच सगळी कृती करून पाहतात. या रिकाम्या चाचणीत चार तंतू निघाले, तर शिंपल्यात निघालेल्या पाच तंतूंना काय किंमत उरते? एखाद्या अहवालात या रिकाम्या चाचणीचा उल्लेखच नसेल, तर त्यातला आकडा मी तरी मनावर घेत नाही.

शिंपला नको ते बाहेर टाकतो, मग त्याची साक्ष कशी मानायची?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो शास्त्रज्ञांनीच घेतला आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले इव्हान वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये निळे शिंपले आणि कालवं यांना वेगवेगळ्या आकाराचे प्लास्टिकचे मणी आणि तंतू दिले. मोठे मणी त्यांनी मोठ्या प्रमाणात तोंडाशीच नाकारले आणि पोटात गेलेल्यांपैकीही मोठे लवकर बाहेर टाकले. म्हणजे शिंपल्यात जे सापडतं ते पाण्यात जे होतं त्याचं हुबेहूब प्रमाण नसतं. मायक्रोप्लास्टिकसाठी हे प्राणी चांगले निर्देशक नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी सरळ काढला.

मग पद्धत बाद? माझ्या मते नाही, पण तिच्याकडून काय अपेक्षा करायची ते बदलायला हवं. पाण्यात प्लास्टिक किती, हे शिंपला सांगू शकत नाही. जिवंत प्राण्याच्या आत किती आणि कोणतं शिरतं, हे तो सांगतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पाणी कितीही गाळलं तरी मिळत नाही. पाण्यात मोठे तुकडे खूप असतील आणि शिंपला ते घेतच नसेल, तर शिंपल्यापुरतं आणि शिंपले खाणाऱ्यांपुरतं ते तुकडे असूनही नसल्यासारखेच.

साक्ष किती दिवसांची, हेही प्राण्यावर ठरतं. शिंपल्याच्या पोटातला बहुतेक ऐवज काही तासांत ते काही दिवसांत बाहेर पडतो. तेव्हा तो सांगतो ते गेल्या काही दिवसांचं. यावर तोडगा म्हणून स्वच्छ पाण्यात वाढवलेले, एकाच वयाचे शिंपले पिंजऱ्यात घालून सांडपाण्याच्या मुखाजवळ, बंदरात, खुल्या समुद्रात ठरावीक काळ ठेवतात आणि मग तपासतात. सुरुवात सगळ्यांची सारखी असल्यामुळे फरक पडला तर तो जागेचाच, असं म्हणता येतं.

मेलेल्या पक्ष्याचं पोट

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत पटलेलं उदाहरण अगदी साध्या साधनांचं आहे: किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला पक्षी, एक सुरी, एक चाळणी आणि एक तराजू.

उत्तर अटलांटिकमध्ये फुलमार नावाचा राखाडी-पांढरा समुद्रपक्षी आहे. तो फक्त समुद्रावर खातो, पृष्ठभागावर तरंगणारं जवळजवळ काहीही उचलतो, आणि कठीण वस्तू सहसा उलटून टाकत नाही. त्या पोटात राहून हळूहळू झिजतात. नेदरलँड्समधले यान फान फ्रानेकर यांनी 1980 च्या दशकापासून मेलेल्या फुलमारांची पोटं तपासायला सुरुवात केली. पोटातलं सगळं 1 मिलिमीटरच्या चाळणीत धुतात, प्लास्टिक वेगळं काढतात, कच्च्या गोळ्या एका बाजूला आणि वापरातल्या वस्तूंचे तुकडे दुसऱ्या बाजूला ठेवून वजन करतात. 1 मिलिमीटरपेक्षा बारीक काहीच यात धरत नाहीत, आणि 5 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडेही मोजतात. म्हणजे काटेकोर व्याख्येनुसार ही नुसत्या मायक्रोप्लास्टिकची मोजणी नव्हे.

तरीही जगात कायद्याच्या भाषेत शिरलेलं प्लास्टिकचं मोजमाप म्हणून आधी याचंच नाव घ्यावं लागतं. ईशान्य अटलांटिकच्या रक्षणासाठी 15 देश आणि युरोपीय संघ ‘ऑस्पर’ करारात एकत्र आले आहेत. त्यांनी उद्दिष्ट ठरवलं, की वाहून आलेल्या फुलमारांपैकी 10 टक्क्यांहून जास्त पक्ष्यांच्या पोटात 0.1 ग्रॅमपेक्षा अधिक प्लास्टिक असता कामा नये. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यातल्या पक्ष्यांवरून पुढे हिशेब केला, तेव्हा तिथलं प्रमाणही 10 टक्क्यांच्याच आसपास निघालं. उत्तर समुद्रात मात्र अलीकडच्या मोजणीतही निम्म्याच्या आसपास पक्षी ही मर्यादा ओलांडतात.

याच पक्ष्यांनी एक सुधारणाही दाखवली. 1980 च्या दशकापासून उत्तर समुद्रातल्या फुलमारांच्या पोटातल्या कच्च्या प्लास्टिकच्या गोळ्या साधारण 75 टक्क्यांनी घटल्या. वापरातल्या प्लास्टिकमध्ये तसा ठळक बदल दिसला नाही. योगायोग म्हणावा, तर उत्तर अटलांटिकच्या मधल्या भोवऱ्यात वर्षानुवर्षं जाळी ओढून मिळालेल्या आकड्यांतही गोळ्यांची घट तेवढीच निघाली. पक्ष्याचं पोट आणि जहाजाचं जाळं, दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला.

मुळात पक्षी प्लास्टिक खातात तरी का? पाण्यात पडून राहिलेल्या प्लास्टिकवर सूक्ष्म जिवांचा थर चढतो आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. याच वासाच्या मागावर फुलमारसारखे पक्षी आपलं भक्ष्य शोधतात. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं, की जे समुद्रपक्षी या वासावर जातात ते प्लास्टिकही जास्त खातात. पक्षी मूर्ख नाही, त्याला वास बरोबर येतो. फसवणूक प्लास्टिकच्या बाजूने आहे.

हवेतलं प्लास्टिक कोण सांगणार?

हवेसाठी शेवाळ आणि दगडफूल कामाला येतात. शेवाळाला खरी मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून आणि हवेतूनच घेतं, त्यामुळे त्याच्या दाट गुंत्यात जे अडकतं ते वरूनच पडलेलं असतं. युरोपात 1990 पासून दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून हवेतून पडणारे जड धातू मोजतात. आता तीच युक्ती तंतूंसाठी वापरली जाते. जिथे शेवाळ उगवत नाही तिथे जाळीच्या पिशवीत स्वच्छ शेवाळ भरून खांबाला टांगतात.

मधमाशीचं काम वेगळं. तिच्या अंगावर बारीक केस असतात, उडताना त्यांना स्थिरविद्युत भार येतो आणि धूळ चिकटते. कोपनहेगन शहरातल्या आणि भोवतालच्या पोळ्यांमधल्या माश्यांच्या अंगावर 2021 च्या अभ्यासात 13 प्रकारची कृत्रिम प्लास्टिकं ओळखली गेली, त्यांत पॉलिएस्टर सर्वाधिक. माशी फिरते, हा एरवी दोष. इथे तोच गुण, कारण एक पोळं कित्येक चौरस किलोमीटरचा परिसर पालथा घालतं.

आणि कोळी तर बिचारा काहीच करत नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्याकडेच्या बसथांब्यांच्या छपरांखालची जाळी काड्यांवर गुंडाळून आणली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एकही जाळं प्लास्टिकविना निघालं नाही. काही जाळ्यांच्या एकूण वजनात प्लास्टिकचा वाटा दहाव्या हिश्शापर्यंत होता. पीईटी सर्वांत जास्त होतं, ते बहुधा कपड्यांतलं. टायरच्या झिजेचं प्रमाण मात्र त्या रस्त्यावरच्या रहदारीप्रमाणे कमीजास्त झालं. यंत्र नाही, वीज नाही, कोणाला इजा नाही. रस्ता बंद केल्यावर किंवा वाहतूक वळवल्यावर फरक पडला का, हे पाहायला याहून स्वस्त साधन मिळणं अवघड.

जुने नमुने काय सांगतात

जिवांचा एक फायदा पाण्याला कधीच मिळणार नाही. 1950 सालचं समुद्राचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. मासे आणि किडे मात्र संग्रहालयांत स्पिरिटमध्ये आणि डब्यांत जपून ठेवलेले आहेत.

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये 1900 पासूनचे गोड्या पाण्यातले मासे आहेत. त्यांची आतडी तपासली, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्लास्टिकचा मागमूस नव्हता. 1950 च्या दशकापासून ते दिसू लागलं आणि वाढत गेलं. नेदरलँड्समधल्या लेडनच्या नॅचुरालिस संग्रहालयात तर आणखी गंमत निघाली. कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी ओढ्यात राहते आणि रेती, काड्या, पानं रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते. 1971 मध्ये गोळा केलेल्या अशा एका घरात पिवळ्या प्लास्टिकचे तुकडे चिकटवलेले सापडले, 1986 च्या एका घरात निळे. ती घरं पेटीत आली तेव्हा ‘मायक्रोप्लास्टिक’ या विषयाचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

थॉम्पसन यांच्या 2004 च्या निबंधातही हाच मार्ग होता. ब्रिटनमध्ये 1931 पासून मालवाहू जहाजांमागे एक पेटी ओढतात. तिच्यात रेशमी कापडाची गुंडाळी हळूहळू सरकत तरंगते सूक्ष्मजीव टिपते. ही कापडं जपून ठेवलेली असल्यामुळे 1960 च्या दशकापासूनची तपासता आली आणि काळाबरोबर प्लास्टिक वाढल्याचं दिसलं.

प्रदूषण मोजायला जीव मारायचे?

शिंपले आणि मासे मारावे लागतात, हे खरं. बाकी बऱ्याच ठिकाणी ते टाळता येतं. फुलमार आधीच मेलेले असतात. भूमध्य समुद्रात लॉगरहेड कासवांवरून प्लास्टिक मोजतात तेव्हा वाहून आलेली मृत कासवं आणि उपचार केंद्रातल्या जिवंत कासवांची विष्ठा वापरतात. दुर्मीळ प्राणी या कामासाठी पकडायचा विचारही कोणी करू नये. तो दुर्मीळ असल्यामुळे तुलनेला निरुपयोगीच ठरेल.

सापडलं म्हणजे अपाय झाला का?

नाही, आणि बातम्यांत सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. पोटात पाच तंतू सापडलेला शिंपला ठणठणीत असू शकतो. असणं आणि बाधणं या दोन गोष्टी सिद्ध करायला वेगवेगळे पुरावे लागतात.

कधी कधी मात्र जीव आधी मरतो आणि कारण मागून सापडतं. अमेरिकेतल्या सिॲटल परिसरातल्या ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांतच मरत. वर्षानुवर्षं त्याचं कोडं होतं. 2020 च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी गुन्हेगार शोधला. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात 6-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं एक नवं रसायन बनतं, पाऊस ते रस्त्यावरच्या झिजेतून ओढ्यात नेतो आणि अगदी अल्प प्रमाणातही ते कोहोला मारतं. याच कुळातला चम सामन त्याच पाण्यात तगून राहतो. चम सामन तपासून कोणी पाणी चांगलं ठरवलं असतं, तर कोहो मरतच राहिले असते. एका जातीवरून दुसऱ्या जातीचा निवाडा करू नये, तो यासाठी.

2023 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकमुळे पडलेले व्रण आढळले, आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या चमूने या विकाराला ‘प्लास्टिकोसिस’ असं नाव दिलं. तेच पक्षी ज्वालामुखीचे सच्छिद्र दगडही गिळतात, पण त्यांच्यामुळे तसे व्रण पडलेले दिसले नाहीत. तुलनेला दगड हाताशी होते, म्हणून या निष्कर्षाला वजन आलं.

मग बातमीतला आकडा वाचायचा कसा

‘दर प्राण्यामागे’ आणि ‘दर ग्रॅम मांसामागे’ हे आकडे शेजारी ठेवून चालत नाही. मोठ्या शिंपल्यात जास्त कण असले, तरी ग्रॅममागे कमी निघू शकतात. एकाने 20 मायक्रोमीटर इतके बारीक कणही मोजले आणि दुसऱ्याने 300 पेक्षा मोठेच, तर पहिल्याचा आकडा मोठा येणारच. त्यावरून पहिला किनारा घाण ठरत नाही. आकड्याबरोबर सर्वांत लहान कोणता कण मोजला, हे सांगितलेलं नसेल तर तुलना सोडून द्यावी. आणि एकाच ठिकाणी, एकाच जातीवर, त्याच पद्धतीने दहा वर्षं केलेली मोजणी असेल, तर ती दहा वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या सनसनाटी आकड्यांपेक्षा कितीतरी मोलाची.

नॅनोप्लास्टिकला यातली बरीचशी साधनं पुरी पडत नाहीत. 1 मायक्रोमीटरखाली कण एकेक करून ओळखणं अवघड, म्हणून तिथे नमुना हवेविना खूप तापवून, निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिकचं एकूण वजन काढतात. ओल्डेनबर्गच्या जाळ्यांवरही हीच पद्धत वापरली होती. पण ऊतींमध्ये चरबी असते, आणि चरबी अशी तापताना निघणारे काही अंश पॉलिथीनच्या अंशांसारखेच असतात. चरबी नीट काढून टाकली नाही, तर यंत्र तिलाच प्लास्टिक समजतं. माणसाच्या अवयवांमधल्या प्लास्टिकच्या मोठमोठ्या आकड्यांवर सध्या जो वाद चालू आहे, त्यातला मोठा भाग याच मुद्द्याचा आहे.